झोप लागते का गं?

माझं ऑफिस पुण्यात येरवड्याला आहे, असं सांगितलं की नांदेडच्या मित्रमंडळींचा एक ठरलेला जोक असतो. 'शेवटी पोहोचलीस ना योग्य जागी!' आमच्या मराठवाड्यात येरवडा म्हणजे आयटी पार्क नाही. येरवडा म्हणजे मेंटल हॉस्पिटल. कुणी जरा वेगळं वागलं की 'याला येरवड्याला न्या रे' हे ठरलेलं. मीही हसायचे. ऑफिसची कॅब रोज त्याच भागातून जाते, मी कानात इअरफोन घालून बसलेली असते आणि तो विषय कधी डोक्यातही येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या एचआरचा एक मेल यायचा, दर महिन्याला. 'मन मोकळं करायचंय? आम्ही ऐकतोय.' समुपदेशकाचा फोन नंबर, फुकट, गोपनीय वगैरे वगैरे. मी तो दोन सेकंदांत डिलीट करायचे. अप्रेझलच्या तोंडावर कोण असल्या नंबरला फोन लावणार? आणि मला झालं तरी काय होतं? रात्री तीनपर्यंत झोप नाही, रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधड, एक-दोनदा वॉशरूममध्ये जाऊन रडणं... एवढं तर सगळ्यांचंच असतं ना!

दिवाळीला घरी नांदेडला गेले आणि भाऊबीज झाल्यावर चार दिवस मावशीकडे. मावशी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका गावात राहते. पंधरा वर्षांपासून ती 'आशा' आहे. म्हणजे गावातल्या गरोदर बायका, लेकरांचे डोस, बीपीच्या गोळ्या हे सगळं बघणारी आरोग्य कार्यकर्ती.

हे गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. गणपती विसर्जन करून दमूनभागून लोक झोपले होते आणि चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचा थर असलेली माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी उठवून वसवली. पक्की घरं, सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते. बाहेरच्या माणसाला वाटतं, किती प्लॅन्ड गाव! मावशी मात्र म्हणते, 'घरं लई मजबूत बांधून दिली बघ. पण जुन्या गावात ओट्यावर बसलं की समोरच्या ओट्यावरच्या बाईशी बोलता यायचं. आता रस्ता ओलांडून जावं लागतं. कोण जायलंय?'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. मी म्हटलं, मीपण येते. तिनं एक अट घातली. 'मी बोलत असले की तू अंगणात थांबायचं. आणि कानावर पडलं ते इथंच सोडायचं.' म्हणून घरांच्या खुणा मी इथे बदलल्या आहेत.

मावशीच्या पिशवीत वजनकाटा, गोळ्या आणि एक घडी घातलेला कागद होता. त्यावर नऊ प्रश्न. शेतकरी आत्महत्यांमुळे महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा, असे १४ जिल्हे त्यात होते. आशांनी घरोघर जाऊन हे प्रश्न विचारायचे, ज्याचं उत्तर काळजीचं वाटेल त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं आणि तिथून गरज पडली तर जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे. मावशी तेव्हापासून हे करते. नऊ प्रश्न तिला तोंडपाठ आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, आपण वाया गेलो असं वाटतं का... प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जास्तीत जास्त सत्तावीस. दहाच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. आणि नववा प्रश्न सगळ्यात अवघड, मरणाच्या विचाराचा. त्याला एक गुण जरी पडला तरी मावशी त्या घरातून लगेच उठत नाही.

जगभर डॉक्टर हीच प्रश्नावली वापरतात हे मी नंतर गूगलवर वाचलं. पण जगभरच्या डॉक्टरांना जे माहीत नसेल ते मावशीला माहीत होतं. ती पहिल्या प्रश्नापासून सुरुवातच करत नाही! ती बीपीचं विचारते, सुनेचं विचारते, सोयाबीन काय भावानं गेलं ते विचारते आणि मग सहज, 'झोप लागायलीय का?' मी कारण विचारलं तर म्हणाली, 'मनाचं विचारलं की माणूस दार लावून घेतो. झोपेचं विचारलं की बाज टाकून बस म्हणतो.'

एका घरात आम्ही तिसऱ्यांदा गेलो. म्हणजे मावशी तिसऱ्यांदा. घरातला कर्ता माणूस शेतात जायचा बंद झाला होता. कर्ज होतंच. पहिल्यांदा बायको म्हणाली, 'ह्यांची कंबर दुखतेय.' दुसऱ्यांदा म्हणाली, 'बाहेरचं काहीतरी असंल, दोन ठिकाणी दाखवून आलो.' मावशीनं तोंड वाकडं केलं नाही. 'देवाला जा की, मी कुठं नको म्हणतेय? पण दवाखान्यालाबी जायचं.' आता गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झाले होते आणि बाई वैतागली होती. गुणच येत नाही! मावशीनं तिला समजावलं, ह्या गोळ्यांना दोन-तीन आठवडे लागतात, आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. मग रिकाम्या पाकिटातल्या खाचा मोजल्या. मग म्हाताऱ्या सासूला विचारलं, फवारणीचं औषध कुठं ठेवलंय? ते पेटीत घालून कुलूप लावायला लावलं आणि किल्ली सासूच्या कमरेला.

मी अंगणातून बघत होते. आजारी एक माणूस होता, पण मावशीचं बोलणं सगळ्या घराशी चाललं होतं. गोळी कोण देणार, दवाखान्यात सोबत कोण जाणार, त्या दिवसाची मजुरी बुडणार तर भाजीला पैसे कुठून येणार. कारण तालुक्याला जायचं म्हणजे दोघांचं तिकीट आणि दोघांचा रोज. त्यात एकदा ते गेले आणि डॉक्टरचा तो दिवसच नव्हता. तेव्हापासून मावशी आधी स्वतः फोन करून खात्री करते, मगच पाठवते. फोनचे पैसे अर्थात तिचेच. मानधनाचा विषय काढू नका, त्यासाठी ती संपावरही जाऊन आलीय.

निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत सर्वेक्षण केलं होतं. नैराश्य, चिंता यांसारखे नेहमी आढळणारे मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असं त्यात निघालं. आधी वाचला असता तर हा आकडा मी शेअर करून पुढे गेले असते. त्या अंगणात बसल्यावर कळलं, ८५ का ते. गोळी असते, डॉक्टरही कुठेतरी असतो. घर ते दवाखाना हा रस्ता कुणीतरी हाताला धरून चालवून न्यावा लागतो.

रात्री आम्ही गच्चीवर पडलो होतो. मावशी अजूनही शक्यतो छताखाली झोपत नाही. १९९३ ला ती सतरा वर्षांची होती आणि त्या रात्री अंगणात झोपली होती म्हणून वाचली. तिनं गमतीत विचारावं तसं मला ते नऊ प्रश्न विचारले. मी फटाफट उत्तरं दिली. नाही, नाही, कधीतरी, नाही. स्कोअर एक! एवढा कमी स्कोअर मला कशातच पडला नसेल, असं म्हणून मी हसले. मावशी हसली नाही.

'पंधरा वर्षांत एवढं चांगलं माणूस मी बघितलं नाही बाई,' ती म्हणाली. 'काल रात्री दोन वाजता तुझ्या फोनचा उजेड दिसत होता मला.'

मी गप्प. मग थोड्या वेळानं ती म्हणाली, 'तुझं राहू दे. तुझ्या आईला कधी विचारलंस का, झोप लागते का म्हणून?'

आमची आई पहाटे चारला उठते. मला कळायला लागल्यापासून. पाणी भरते, ओटा घासते, डबे पुसते. 'सवयच आहे तिला,' असं आम्ही कौतुकानं पाहुण्यांना सांगायचो. नळाला पाणी सहाला येतं, मग चारला उठून ती कोणतं पाणी भरते, हा प्रश्न आम्हा कुणालाच पडला नव्हता. मावशीनं त्या रात्री मला सांगितलं. १९९३ ला आईचं नवीन लग्न झालेलं. महालक्ष्म्या झाल्यावर ती चार दिवस माहेरी गेली होती आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी नांदेडला परतली. त्यांचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. तो मागे लागला होता, अक्का मला घेऊन चल. आई म्हणाली, दिवाळीला नेते.

माझे मामा म्हणजे घरातला एक फोटो होता. एवढंच मला माहीत होतं.

नांदेडला परत आले आणि तीन दिवस हिंमतच झाली नाही. चौथ्या दिवशी पहाटे अलार्म लावून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आई चिवड्याचा डबा पुसत होती. मी विचारलं, 'आई, झोप लागते का गं तुला?' ती म्हणाली, 'तू का उठलीस?' मी खालीच बसले. ती पुसत राहिली. मग बराच वेळानं म्हणाली, 'तीनला जाग येते. मग चार वाजेपर्यंत नुसती वाट बघते.' 'कशाची?' 'चार वाजून जाण्याची. वाजून गेले की बरं वाटतं. मग कामाला लागते.'

बत्तीस वर्षं होत आली होती. मधल्या काळात तिची अॅसिडिटी झाली, डोकेदुखी झाली, कसकसल्या तपासण्या झाल्या, एका डॉक्टरनं 'मेनोपॉज' म्हणून सोडून दिलं. झोपेचं कुणी विचारलंच नाही. त्यात मीही आले.

नऊ प्रश्नांचा कागद मी मावशीकडून आणलाच होता. आईचा स्कोअर आला चौदा. बाबा आधी भडकलेच. 'वेडी झाली का ती? एवढा संसार केला तिनं!' मी म्हटलं, 'म्हणूनच.' शेवटी शेजाऱ्यांना 'बीपी दाखवायला चाललोय' असं सांगून आम्ही तिघं मानसोपचार ओपीडीच्या रांगेत जाऊन बसलो. माझी अपेक्षा होती तसं काहीच तिथे नव्हतं. बाकावर माणसं होती, त्यांच्या पिशव्या होत्या, एक आजी पोह्यांचा डबा उघडून बसल्या होत्या. डॉक्टरांनी आईशी बोलून झाल्यावर बाबांना आत बोलावलं. काय बोलणं झालं ते बाबांनी सांगितलं नाही. पण त्या रात्रीपासून जेवणानंतरची गोळी तेच देतात आणि पाकिटावर पेनानं तारीख घालतात. एसटीत पस्तीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस आहे, हिशेब चुकत नाही!

आई 'बरी झाली' असं मी म्हणणार नाही. कधी पाचपर्यंत झोपते, कधी तीनला उठते. पण उठली की बाबांना उठवते आणि दोघं चहा करून घेतात. परवा फोनवर पहिल्यांदाच तिनं स्वतःहून मामाचं सांगितलं. त्याला गुळाच्या पोळीत तूप नाही, दूध लागायचं म्हणे.

आणि मी? एचआरचा तो मेल आला तेव्हा डिलीट केला नाही. फोन लावला. पहिली दहा मिनिटं मी खोटंच बोलले, सवयीनं. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, 'झोप कशी आहे?' आणि मी चक्क हसायला लागले. नंतर रडले. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, 'बघ, तिलाबी माहिती हाय की!'

एक गोष्ट राहिलीच. परत निघताना स्टँडवर मी मावशीला विचारलं होतं, 'तुझा स्कोअर किती गं?' ती म्हणाली, 'आमाला कोण विचारायलंय?' गाडी सुटली, विषय तिथेच राहिला. आता मी दर रविवारी तिला फोन करते. आधी सोयाबीनचं विचारते, मग सुनेचं. मग सहज विचारल्यासारखं, 'झोप लागायलीय का?'

परवा ती जरा थांबली. म्हणाली, 'नाही गं, लेकरा.' आणि बोलत राहिली. चाळीस मिनिटं.

तुमच्याही घरात पहाटे चारला उठून डबे पुसणारं कुणी असेल. विचारून बघा. उत्तर आल्यावर काय करायचं हे कळलं नाही तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीही चालू आणि मराठीत बोलणारा. पण त्याआधीचा प्रश्न तुम्हालाच विचारावा लागेल.