तोंडावर ताबा ठेव ना!

दादा सिग्नलला झोपला होता. अगदी खरंच झोपला होता! वाकडचा सिग्नल, पाय ब्रेकवर, हात स्टिअरिंगवर आणि डोळे मिटलेले. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला, तेव्हा मी त्याला गदागदा हलवलं. "रात्री झोपच नीट होत नाही गं," तो म्हणाला. आणि मी, त्याची लाडकी धाकटी बहीण, काय म्हणाले? "मग वजन कमी कर. तोंडावर ताबा ठेव ना जरा!"

हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल, हिशेब नाही. त्यात माझा धंदाच तो. फ्रीलान्सिंगमध्ये दर सीझनला एक तरी 'लग्नाआधी दहा किलो' किंवा 'दिवाळीचा फराळ आणि तुमची फिगर' छापाचा लेख माझ्या वाट्याला यायचा. सकाळी लिंबूपाणी, रात्री सातनंतर उपास, लिफ्टऐवजी जिना. एका बारीक मॉडेलचा फोटो टाकला की झालं. हे सगळं लिहिताना माझ्या कीबोर्डशेजारी वडापाव असायचा, ती गोष्ट वेगळी.

त्या सिग्नलनंतर दादाची स्लीप टेस्ट झाली. ही 2024 ची गोष्ट. झोपेत त्याचा श्वास तासाला चाळीसहून जास्त वेळा अडकत होता. वय 34, वजन 124 किलो, बीएमआय 41. डायबेटिसच्या दोन गोळ्या चालू असूनही शुगर आटोक्यात नाही. डॉक्टर म्हणाले, "बॅरिअॅट्रिक सर्जरीचा विचार करा."

घरात भूकंप! आई म्हणाली, "धडधाकट पोट कापून घ्यायचं? त्यापेक्षा दोन घास कमी खा की." मला तर तो चक्क शॉर्टकट वाटला. पण दादाबरोबर सर्जनकडे गेले आणि पहिल्या दहा मिनिटांत माझी बोलती बंद झाली. दादाने 2019 मध्ये डाएट करून पंधरा किलो घटवले होते आणि दोन वर्षांत अठरा परत आले होते. मी त्याला आळशी म्हणून मोकळी झाले होते. सर्जननी समजावलं की वजन घटलं की शरीराला तो दुष्काळ वाटतो. भुकेचे हॉर्मोन वाढतात, पोट भरल्याचा निरोप देणारे कमी होतात आणि शरीर पूर्वीपेक्षा कमी कॅलरी जाळायला लागतं. म्हणजे दादा फक्त वडापावशी नाही, स्वतःच्या मेंदूशीही लढत होता. आणि शेजारी बसून मी टोमणे मारत होते.

पर्याय मुख्यतः दोन होते. 'स्लीव्ह'मध्ये पोटाचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. 'बायपास'मध्ये पोटाची छोटी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. स्लीव्हनंतर अॅसिडिटी वाढू शकते. दादाला ती आधीच भरपूर, वर डायबेटिस, म्हणून बायपास ठरलं. या ऑपरेशनने पोट लहान होतंच, शिवाय आतड्यातून निघणारे हॉर्मोनही बदलतात. त्यामुळे वजन फारसं उतरायच्या आधीच, काही दिवसांत, शुगर खाली येऊ लागते. दादाच्या बाबतीत तसंच झालं.

आणि पैसे? आपल्याकडच्या हेल्थ इन्शुरन्सच्या नियमांत बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असेल, आणि बाकीचे उपाय करून झाले असतील, तर हे ऑपरेशन बसतं. दादा बसला. डॉक्टरी गाइडलाइन्स मात्र त्याहून सैल आहेत. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच ऑपरेशनचा विचार करता येतो. आपल्या लोकांना कमी वजनातच डायबेटिस गाठतो, म्हणून.

शॉर्टकट म्हणणाऱ्यांनी पुढचे महिने बघायला हवे होते. आधी नुसतं पातळ, मग वाटलेलं, मग मऊ भात. बी-ट्वेल्व्ह, आयर्न, कॅल्शियम जन्मभर. चुलतभावाच्या लग्नात अर्धी जिलबी खाल्ली आणि साहेब घामाघूम होऊन कोपऱ्यात बसले. रक्तस्राव, टाक्यातून गळती हे धोके कमी असले तरी शून्य नसतात, हे सर्जननी आधीच लिहून सही घेतली होती. वर्षभरात दादा 86 किलोवर आला. शुगरच्या गोळ्या सध्या बंद आहेत. पण तपासण्या कायमच्या चालू.

आता माझी गंमत ऐका. दादाच्या फॉलोअपला सोबत गेले होते, सहज म्हणून माझ्याही टेस्ट केल्या. उंची पाच फूट तीन इंच, वजन 80. कंबर 94 सेंटिमीटर, आपल्याकडे बायकांसाठी मर्यादा 80. ट्रायग्लिसराइड्स 210, उपाशीपोटीची शुगर 112, बीपी 132/86, चांगलं कोलेस्टेरॉल 38. या पाचपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मी पाचात पाच! शाळेत कधी एवढे पैकीच्या पैकी मिळाले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी आधी जेवण, चालणं, झोप यांवर सहा महिने दिले. चार किलो उतरले आणि गाडी तिथेच अडली. मग इंजेक्शन. 2025 च्या मार्चमध्ये टिर्झेपाटाइड भारतात आलं, जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. आतड्यातल्या हॉर्मोनची नक्कल करणारं हे औषध पोट सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला 'पुरे आता' सांगतं. मोठ्या चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सरासरी 15 टक्के, तर टिर्झेपाटाइडच्या सर्वांत जास्त डोसने 20 टक्क्यांच्या आसपास वजन घटलं. मला पहिला महिना मळमळ आणि बद्धकोष्ठतेचा गेला. पण पहिल्यांदाच चार वाजता डोक्यातला वडापाव गप्प बसला. सात महिन्यांत आणखी नऊ किलो!

मग दोन ठिकाणचे चेक अडकले आणि मी कुणालाही न विचारता इंजेक्शन बंद केलं. तीन महिन्यांत चार किलो परत. मी डॉक्टरांकडे जाणंच टाळलं. का, सांगू? लाज वाटली. आत कुणीतरी सारखं म्हणत होतं, तोंडावर ताबा ठेव ना. आवाज माझाच होता.

शेवटी दादानेच ओढत नेलं. बाई म्हणाल्या, "बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं तर लाज वाटते का तुम्हाला? मग इथे का?" सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचं वर्षभरात घटलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचं अभ्यासात दिसलंय, हेही त्यांनीच सांगितलं. आजार जुनाट, तर उपचारही लांबचा. झेपेल तो डोस आणि झेपेल ते बजेट, दोन्ही आम्ही कागदावर मांडलं.

तुमच्याही ऑफिसात पँट्रीपाशी कुणीतरी 'ते इंजेक्शन' कुठे मिळतं विचारत असेल. जिम ट्रेनरकडून किंवा ओळखीच्या केमिस्टकडून घेऊ नका. गरोदरपणाचा विचार असेल, थायरॉइडच्या कॅन्सरचा घरात इतिहास असेल, स्वादुपिंडाला कधी सूज आली असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. आणि साखरपुड्याच्या ड्रेससाठी चार किलो घटवायचं हे औषध नव्हे. आधी टेप काढा, कंबर मोजा, रक्त तपासा.

परवा एका संपादकांचा फोन आला, "लग्नसराई आलीय, तुझं ते दहा किलोवालं दे ना." म्हटलं, देते, पण यंदा जरा वेगळं देते.

तेच तुम्ही आत्ता वाचलंत.