फोर्शहाइमच्या तळघरांवर

म्युनिकमध्ये राहायचं आणि बिअरच्या जत्रेसाठी भल्या सकाळी गाडी धरून दुसऱ्या गावाला जायचं, म्हणजे कोल्हापुरात राहून मिसळ खायला नाशिक गाठण्यातला प्रकार. पण जुलैअखेर फोर्शहाइमचा आनाफेस्ट जवळ आला, की ऑफिसातली फ्रँकोनियाकडची मंडळी हटकून टोचतात, ‘ऑक्टोबरफेस्ट बघितलास ना? आता खरा बघून ये.’ एका शनिवारी मी, माझा मित्र आणि वहिनी निघालो.

तिघांत मिळून एकच बायर्न-टिकीट काढलं. त्यावर प्रत्येकाचं नाव लिहावं लागतं, नाहीतर टीसीच्या लेखी तो कागद कोरा. जलद आयसीई या तिकिटावर चालत नाही. तरी इंगोलश्टाटनंतर ही साधी म्हणवणारी गाडीही बोगद्यांमागून बोगदे टाकत ताशी दोनशेच्या घरात पळते. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही, हा १५१६चा हुकूम याच इंगोलश्टाटमध्ये निघाला. प्लॅटफॉर्मवरून मात्र दिसल्या त्या सायकली आणि पेंगुळलेली माणसं.

न्युरेनबर्गला लोकल धरली. फ्युर्थ, एर्लांगन, प्रत्येक स्टेशनावर चामडी चड्ड्या आणि झालरीचे झगे चढत गेले. फोर्शहाइमला रस्ता विचारावा लागला नाही. गर्दी जिकडे वळली तिकडे आम्ही वळलो आणि जत्रेच्या टेकडीवर पोचलो.

हा सण मुळात संत आनाचा, म्हणजे मेरीच्या आईचा. तिचा दिवस २६ जुलै. शेजारच्या उंटरवाइलर्सबाखच्या चर्चला यात्रेकरू जायचे आणि परतताना या टेकडीवर टेकायचे. १८४०मध्ये गावातल्या नेमबाजांनी आपली स्पर्धाही इथेच आणली, तेव्हापासून जत्रेला रीतसर रूप आलं. पाळणे आणि ढोलताशे इथेही आहेत. त्यांचं मला फारसं कौतुक नाही. माझं लक्ष होतं टेकडीच्या पोटाकडे.

माझा धंदाच थंडीचा. सुरुवातीची वर्षं तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर काढली, आता म्युनिकमध्ये तेच काम जरा मोठ्या यंत्रांवर करतो. इथे बाकांच्या मागे एका तळघराचं लाकडी दार उघडं होतं. दारात उभा राहिलो, तर आधी पायांना कळलं. थंड हवा जड. ती जमिनीलगत सरपटत बाहेर येते. घोटे गार आणि कपाळाला घाम, असा मी तिथे बराच वेळ उभा होतो. आत वालुकाश्मात खोदलेला बोगदा, बारमाही आठ-दहा अंश, आणि कॉम्प्रेसरचा आवाज नाही. तासगावात दार असं सताड उघडं सोडलं असतं, तर शेठ अंगावर धावून आले असते.

लागर बिअरचं यीस्ट थंडीतच नीट काम करतं, तेही सावकाश. उन्हाळ्यात ती टिकवायची तर डोंगर पोखरणं आलं. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आत रचायचे, वर झाडांची सावली. मग पिंप शहरात नेण्यापेक्षा माणसंच वर आलेली बरी, म्हणून तळघरांच्या तोंडाशी बाकं पडली. १८७०च्या दशकात कार्ल फोन लिंडे यांनी म्युनिकमध्ये शीतयंत्र उभं केलं. पहिल्या चाचण्या श्पाटन ब्रूअरीतच झाल्या. तिथून तळघरांची गरज संपली आणि आमच्यासारख्यांची पोटं भरू लागली.

जागा मिळाली ती अनोळखी लोकांच्या टेबलावर. म्युनिकच्या तंबूंत टेबलं महिनोन्‌महिने आधी अडवलेली असतात. इथे ‘बसू का?’ एवढं विचारलं की लोक सरकतात. समोरचे आजोबा गावचेच होते. भाजल्या मातीच्या करड्या मगातून एक लिटर बिअर आली. बाहेरून फेसाखेरीज काही दिसत नाही, किती उरली ते मग उचलूनच कळतं. मित्राने नको तितक्या वेळा उचलून पाहिला.

वहिनी शाकाहारी, बिअरला शिवत नाहीत. त्यांनी सफरचंदाचा सोडा मागवला, सोबत ब्रेझेल आणि मुळा. मुळा मनगटाएवढा, पांढराशुभ्र, मशीनवर स्प्रिंगसारखा कापलेला. वहिनी लगेच खाऊ लागल्या तशी आजोबांनी त्यांची बशी हाताने झाकली. मिठाची चिमूट पाकळ्यांत भुरभुरली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच मिनिटांत मुळ्याला पाणी सुटलं, उग्रपणा उतरला. ‘आमच्याकडे कोशिंबिरीला हेच करतात,’ वहिनी म्हणाल्या. मी जर्मनमध्ये सांगितल्यावर आजोबा थोडे हिरमुसले. मुळ्याचा शोध फ्रँकोनियात लागला, असं बहुधा त्यांच्या मनात असावं. मी विषय लिंडेंवर नेला.

‘तो म्युनिकवाल्यांचा,’ आजोबा म्हणाले, आणि दोघांची बिअर मागवली.

परतीच्या लोकलमध्ये उभं राहायलाही मारामार होती. न्युरेनबर्गनंतर बसायला मिळालं. टीसी आला, तिकिटावरची नावं वाचली, पासपोर्ट बघितले. मी खिशातला बिअरमॅट काढून त्याच्या पाठीवर हिशेब मांडायला घेतला, त्या उघड्या दारातून दिवसभरात किती गारवा वाया जात असेल याचा.

‘भाऊजी, आज शनिवार आहे,’ वहिनी म्हणाल्या.

मित्राने डोळे न उघडताच विचारलं, ‘दगडाची के-व्हॅल्यू किती धरलीस?’ मग इंगोलश्टाटपर्यंत आमचा त्यावरच वाद चालला.