लोणीला अडलेली गाडी

मे महिना, सकाळचे अकरा. अमरावतीहून अकोल्याला निघालो होतो. बडनेरा मागे पडलं, लोणीला टपरीवर थांबून आलूबोंडा खाल्ला. परत गाडीत बसून चावी फिरवली. एकच ‘टक्’, पुढे काही नाही.

याच लोणीपासून मानापर्यंत 3 ते 7 जून 2022 या दिवसांत, 105 तास 33 मिनिटांत, 75 किलोमीटरची सलग एक मार्गिका डांबरली गेली. दुपदरी रस्ता म्हणून मोजली तर साडेसदतीस किलोमीटर. 720 माणसं त्यासाठी रात्रंदिवस राबली आणि कतारमधल्या दोह्याचा गिनीज विक्रम मोडला. त्या रस्त्याच्या कडेला आमची गाडी ढिम्म उभी.

सोबतचे धक्का मारायला उतरले. शेजारच्या पंक्चरवाल्या काकांनी हात दाखवला. “धक्का कायले देता भाऊ? पयले लाइट लावा.”

हेडलाइट लख्ख लागले. म्हणजे बॅटरी ठीक, असं मी धरून चाललो.

“आता सेल्फ मारा.”

चावी फिरवताच दिवे विझल्यासारखे झाले. काकांनी बॉनेट उघडायला सांगितलं. हेडलाइटला दहाएक अँपिअर पुरतात. सेल्फ मात्र त्या दोन क्षणांत शंभराच्या वर खेचतो. त्यामुळे दिवे लागले म्हणून बॅटरी निर्दोष ठरत नाही. सेल्फ मारताना दिवे मंदावले तर बॅटरी किंवा तिचं टर्मिनल तपासायचं. दिवे तसेच राहिले आणि नुसतं ‘टक्’ झालं तर बहुधा सेल्फमध्येच बिघाड. इंजिन जोरात फिरूनही पकडत नसेल, तर मग पेट्रोल नाहीतर स्पार्क.

मीटरने साडेबारा व्होल्ट दाखवले. बॅटरी भरलेली होती. टर्मिनलवर मात्र पांढरट-हिरवा थर साचला होता. बॅटरी थंडीत दगा देते असं आपण ऐकतो, पण तिला खरं खाते ती उष्णता. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. त्यात बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात, फटीतून निघणारी आम्लाची वाफ टर्मिनलवर बसते.

काकांनी आधी ऋण टोकाची वायर सोडवली, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. मग टपरीवरून भज्यांचा खायचा सोडा आणि चहाचं उकळतं पाणी मागवलं. थर फसफसून विरघळला. पॉलिश पेपर, घट्ट आवळलेला नट, वरून बोटभर व्हॅसलीन. पंधरा मिनिटांत गाडी पहिल्याच सेल्फला लागली. चालू इंजिनावर मीटर चौदापर्यंत गेला. अल्टरनेटर बॅटरी भरत होता.

नवी बॅटरी घ्यायच्या विचारात होतो मी. काकांनी पन्नास रुपये घेतले. त्यांचा हात फार जाणता होता.

पुढे मूर्तिजापूर, कुरणखेड, बोरगाव मंजू. दीडच्या सुमारास अकोला आलं.

उन्हाळ्यात वऱ्हाडात गाडी काढणार असाल, तर निघायच्या आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडा आणि टर्मिनल हाताने हलवून पाहा. हललं, तर तिथंच आवळून घ्या.