कुलस्वामिनीच्या वाटेवरून दादाला

मांजरसुंबा,
मार्गशीर्ष शुद्ध नवमी

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे, गुडघे फारसे कुरकुरले नाहीत. पुण्याहून पहाटे निघालो. अहिल्यानगर, कडा, आष्टी करत जामखेडला जेवलो, सौताड्याचा घाट ओलांडून पाटोद्यावरून आता इथे थांबलोय. मांजरसुंब्याची रबडी आईला फार आवडली. तिचं खाणं होईपर्यंत तुझ्या प्रश्नाला हात घालते.

तू विचारलं होतंस की न्यूझीलंडला गाडी भाड्याने घेताना काउंटरवर जो विमा गळ्यात मारतात तो घ्यायचा की नाही. उत्तर मला आज रस्त्यातच आठवत होतं, कारण या गाडीचाही करारनामा माझ्या पर्समध्ये आहे. गाडी पुण्यात स्वतः चालवायला घेतली. नंबरची पाटी काळी, त्यावर पिवळी अक्षरं. चालकाशिवाय भाड्याने द्यायच्या गाडीची ती खूण. ड्रायव्हरसकट येते तिची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. कुणाच्या ओळखीने दिवसाला दीड हजारात पांढऱ्या पाटीची गाडीही मिळत होती. मी साफ नको म्हटलं. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही. अपघात झाला की दावा तिथेच अडतो, आणि त्या गाडीवर फक्त कायद्यापुरता विमा असेल तर आत बसलेल्यांचं काय, हा प्रश्न आईसारखी सत्तरीची बाई सोबत असताना मला टांगता ठेवायचा नव्हता. भाडं देऊन टॅक्सीत बसणाऱ्या उतारूंचा विमा मालकाला कायद्यानेच घ्यावा लागतो. हा फरक पाटीचा रंग सांगतो, म्हणून गाडी आली की आधी पाटी बघावी.

पाटोद्याच्या अलीकडे खडीच्या टिप्परमागून जाताना एक दगड उडून समोरच्या काचेवर बसला. डाव्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढी चांदणी उमटली, तिला दोन बारीक पाय फुटलेत. मी गाडी बाजूला घेतली, काचेचा जवळून एक आणि पाटीसकट लांबून एक फोटो काढला, किलोमीटरच्या आकड्याचाही काढला आणि कंपनीला फोन केला. त्यांनी फोटो मागवले, इथल्या गॅरेजवाल्याने धूळ आत जाऊ नये म्हणून वरून पारदर्शक टेप लावून दिली. आपल्याकडच्या मोटार विम्यात रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी घट कापतात, काचेवर घट कापत नाहीत. पण करारात म्हटलंय की कुठल्याही नुकसानीतले पहिले १०,००० रुपये गाडी घेणाऱ्याने द्यायचे. काचेचा खर्च त्याच्या आत बसला तर भरणार मीच. हा जो पहिला वाटा आहे ना दादा, परदेशात सगळा खेळ त्याच्याभोवतीच आहे. त्याला ते एक्सेस म्हणतात. पुढचं अंबाजोगाईहून लिहिते.

तुझी,
सुमा


अंबाजोगाई,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

ती. दादा,
सा. न.

आपल्या कुलस्वामिनीचं, योगेश्वरीचं दर्शन छान झालं. वहिनींच्या वतीने ओटी भरली, खण हिरवा घेतला. सध्या इथे देवीचं मार्गशीर्षातलं नवरात्र, पौर्णिमेपर्यंत उत्सव. गाभाऱ्याबाहेरच्या रांगेत निम्मी माणसं कोकणातली, चिपळूण-गुहागरचे हेल ऐकून आई खुश. पुजाऱ्यांनी तिला तीच कथा पुन्हा सांगितली: देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्नाला निघाली, मुहूर्त टळला आणि ती इथेच राहिली. इतक्या लांबून पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं इकडे येतात, त्यात बैलगाडीही आली आणि भाड्याची मोटारही. उद्या मुकुंदराजांच्या समाधीला जायचं आहे.

आता तुझं. क्राइस्टचर्चला विमानतळावर उतरलास की काउंटरवरची व्यक्ती तुझ्याकडे क्रेडिट कार्ड मागेल. ते तुझ्याच नावाचं लागतं, वहिनींचं चालत नाही, गाडी तुझ्या नावावर असेल तर. त्या कार्डावर ते डिपॉझिट अडवून ठेवतात. मी तिथे गाडी घेतली तेव्हा भाड्यात विमा होताच, पण एक्सेस ३,००० डॉलर. म्हणजे गाडीला कुणीही, अगदी पार्किंगमध्ये तू नसतानाही, धक्का दिला तरी त्यातले पहिले ३,००० डॉलर आपले. रोज अमुक डॉलर जास्त द्या, आम्ही एक्सेस शून्यावर आणतो, असं काउंटरवर सांगतात. रोजचा तो आकडा लहान दिसतो. तू राहणार आहेस तेवढ्या दिवसांनी गुणून बघ, कधी कधी गाडीच्या भाड्याच्या जवळ जातो.

दुसरी वाट आहे. एक्सेसचाच विमा बाहेरच्या कंपनीकडून निघण्यापूर्वी घेता येतो, बराच स्वस्त पडतो. काही प्रवास विम्यांतही तो असतो, तुझी पॉलिसी आधी उघडून बघ. पण याची रीत समजून घे: नुकसान झालं तर गाडीवाला तुझ्या कार्डावरून पैसे कापून घेणार, तू पावत्या आणि अहवाल जोडून बाहेरच्या कंपनीकडून परत मिळवायचे. कार्डाची मर्यादा तेवढी हवी आणि धीरही हवा. वहिनींना हिशेबाची कटकट नको असेल आणि थोडक्या दिवसांचा प्रवास असेल तर काउंटरचंच घ्या, मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. लांबचा मुक्काम असेल तर बाहेरचं घ्यावं, असं माझं मत.

एक्सेस शून्य केला तरी सगळं झाकलं जात नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेव. टायर, समोरची काच, गाडीचं पोट आणि छत हे पुष्कळ करारांत वेगळे ठेवलेले असतात. पेट्रोलऐवजी डिझेल भरलं, किल्ली हरवली, दारू पिऊन चालवली, करारात नाव नसलेल्या माणसाने चालवली, तर विमा नाहीच. तुमची लेक चिनू हौसेने म्हणेल, बाबा मी चालवते. आधी तिचं नाव लिहून घ्या, मग किल्ली द्या. आणि रस्ते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड, उत्तरेतला नाइन्टी माइल बीच, हे तिथल्या कंपन्या सहसा विम्यातून वगळतात. त्या यादीत कुठले रस्ते आहेत ते करारात बघ. आपल्याला बालाघाटातल्या कच्च्या रस्त्यांची सवय, तिथे खडीचा रस्ता दिसला की सहज आत शिरू. शिरलो की जबाबदारी आपली.

चालवायला अडचण नाही, आपल्यासारखंच डाव्या बाजूने. दक्षिण बेटावर एकेरी पूल फार. लाल किनारीच्या गोल पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान दिसला की थांबायचं, समोरच्याला आधी सोडायचं.

चिनू पुढे अमेरिकेला जायचं म्हणते, तिला हेही सांग. तिथे गाडीच्या नुकसानीपासूनची सूट पुष्कळदा भाड्यात नसते, वेगळी विकतात. आणि दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई राज्याने ठरवलेल्या किमान रकमेपुरतीच असू शकते, जी तिथल्या दवाखान्यांच्या बिलांपुढे काहीच नाही. तिथे ती रक्कम वाढवून घ्यावी, गाडीच्या ओरखड्यांचं नंतर बघावं.

सुमा


परळी वैजनाथ,
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

ती. दादा,
सा. न.

परवाचं पत्र लिहून झाल्यावर मला चैन पडली नाही, कारण महत्त्वाचं लिहायचं राहिलं होतं. अंबाजोगाईला येताना केजच्या पुढे दिवस मावळला आणि रस्ता उसाने भरून गेला. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, मोळ्या दोन्हीकडून बाहेर आलेल्या. त्यांच्यामधून टायरच्या बैलगाड्या. एका गाडीवर उसाच्या ढिगावर बाई बसली होती, मांडीवर मूल, नवरा पुढे कासरा धरून. माझ्या दिव्यांच्या उजेडात आधी बैलांचे डोळे चमकले, मग ती दिसली. मी ब्रेकवर पाय ठेवून त्यांच्या मागे मागे कारखान्याच्या फाट्यापर्यंत गेले. आई जप करत होती.

याच जिल्ह्यातले लाखो लोक दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. येताना पाटोदा तालुक्यात वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि पोरंच दिसली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि जायला ट्रक नाहीतर ट्रॉली. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाचा भार विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्ये म्हटलं. ट्रॉली उलटली की तोच मुद्दा पुढे येतो, आणि वर बसलेला मजूर की फुकटचा प्रवासी, यावर खटला चालत राहतो. मला हे फार लागतं. रस्त्यावर सगळ्यात उघडी असलेली माणसं तीच आणि कागदावरही तीच उघडी.

म्हणून दादा, विम्याचा कागद हातात आला की मी गाडीचं कलम शेवटी वाचते. आधी बघते, माझ्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर त्याला काय मिळेल. आपल्याकडे त्रयस्थाच्या मृत्यूला किंवा इजेला विमा कंपनीच्या देण्याची वरची मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला साधारण साडेसात लाखांची आहे. मग बघते, आत बसलेल्यांचं काय. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो तो मालकाचा. भाड्याने घेऊन स्टिअरिंगवर बसलेली मी त्यात येत नाही, म्हणून माझा स्वतःचा अपघात विमा मी चालू ठेवलाय. तूही ठेव. त्यानंतर गाडी.

न्यूझीलंडची तऱ्हा निराळी आहे. तिथे त्रयस्थ विमा सक्तीचा नाही. अपघातात कुणालाही इजा झाली, चूक कुणाचीही असो, तर एसीसी नावाची सरकारी योजना उपचारांच्या खर्चाला मदत करते. १९७४ पासून चालू आहे, परदेशी पाहुण्यालाही लागू आहे. त्या बदल्यात इजेसाठी एकमेकांवर दावा ठोकायचा हक्क जवळजवळ नाही. ही व्यवस्था मला मनापासून पटते. पण तिच्यात आजारपण येत नाही, तुझं इथलं बुडालेलं उत्पन्न येत नाही, मायदेशी उपचारासाठी परतायचा खर्च येत नाही. त्यामुळे तुम्हा सगळ्यांचा प्रवास विमा हवाच, आणि तुझा रक्तदाब अर्जात लपवू नकोस. आणि समोरच्या गाडीवर विमा नसेल असं धरूनच आपल्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान येतं का ते विचार.

रत्नागिरीच्या आरटीओत आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज याच महिन्यात टाक. पासपोर्ट, लायसन्स, फोटो, फी १,००० रुपये. वर्षभर चालतो, त्यामुळे फार आधी काढू नकोस आणि अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. न्यूझीलंडला आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं, तरी हा जवळ असू दे. मूळ लायसन्स सोबत हवंच, नुसता आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकांचा, छताचा, काचेचा व्हिडिओ काढ आणि दिसेल तो ओरखडा त्यांच्या कागदावर लिहून घे. परत देताना कुणीतरी समोर उभं राहून तपासेल अशा वेळी दे. रात्री किल्ली पेटीत टाकून निघून गेलास तर ते तपासेपर्यंत गाडी तुझ्याच जबाबदारीवर असते.

वैजनाथाला आईने बेल वाहिला, तुझ्या प्रवासासाठीही मागणं घातलं. काचेचा आकडा कंपनीने कळवला, १०,००० च्या आतच आहे. पुण्यात गाडी देताना भरेन आणि पावती अपघाताच्या फोटोंसोबत ठेवीन, तुला नमुना म्हणून पाठवते. वहिनींना सांग, चिनूसाठी इथून सीताफळं आणायची होती, पण हंगाम सरलाय.

तुझी,
सुमा