पाणी खाणार का, पाणी?

‘अगं, हे धुऊन खायचं की तसंच?’ आईने विचारलं आणि माझा अख्खा प्रोजेक्ट फुस्स!

थांबा, आधीपासून सांगते. जून २०१८मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा मी मासकॉमला होते. कॉलेजच्या अंकात दणक्यात लेख ठोकला: टपरीवर कागदी कपच मागा! मग २०२०मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांचा अभ्यास आला. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचं पातळ अस्तर असतं. त्यात १०० मिली गरम पेय १५ मिनिटं राहिलं, की प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. च्यायला! म्हणजे मी लोकांना प्लॅस्टिक प्यायलाच सांगत होते की. ज्या मैत्रिणीने माझं ऐकलं होतं, ती अजून टोमणे मारते.

या गिल्टपोटीच मी ‘ऊहो’च्या प्रेमात पडले. लंडनच्या ‘नॉटप्ला’ कंपनीचा समुद्री शेवाळापासून केलेला पारदर्शक फुगा. २०१९च्या लंडन मॅरेथॉनमध्ये एका स्टेशनवर धावपटूंना बाटल्यांऐवजी स्पोर्ट्स ड्रिंक भरलेले ३०,०००हून जास्त फुगे दिले होते. तोंडात टाका, फोडा, गिळा. आवरण नको असेल तर टाकून द्या, काही आठवड्यांत कुजून जातं.

म्हटलं, घरी करून बघू. तपकिरी शेवाळातून काढलेलं सोडियम अल्जिनेट ऑनलाइन मिळतं. ते पाण्यात मिक्सरला फिरवलं (आईचा मिक्सर, न विचारता!) आणि बुडबुडे जाईपर्यंत ठेवलं. दुसऱ्या पाण्यात कॅल्शियम लॅक्टेट. हे पाणी डावाने अलगद पहिल्यात सोडायचं. कॅल्शियम भेटलं की अल्जिनेटची साय धरते आणि पाणी आत कैद! पहिले चार फुटले. पाचवा जमला, साबुदाण्याचा थोरला भाऊ.

आणि मग आईचा तो प्रश्न. मॅरेथॉनमध्ये फुगा हातातून थेट तोंडात जातो. पण दुकानात, दहा हात लागलेला? म्हणजे खाता येणाऱ्या पॅकिंगला पुन्हा पॅकिंग! शहाळ्याचं बरं असतं, वरचं वर, आतलं आत.

आईने तो धुऊन खाल्ला. ‘चव काहीच नाही गं,’ एवढाच रिव्ह्यू.

सोमवारी टपरीवर घरचा स्टीलचा पेला घेऊन गेले, जरा मिरवतच. चहावाले काका हसले.

‘काचेचे ग्लास आहेत की मॅडम. तुम्ही ऑफिसवालेच कागदी मागता.’