ओळख

क्रेगीबर्नहून समुद्र दिसत नाही. मेलबर्नच्या उत्तर टोकाच्या या वसाहतीत दृष्टीस पडतात ती नव्या घरांची छपरे, उरलासुरला गवताळ माळ आणि सह्याद्रीची आठवण करून देणारे बसाल्टचे काळे दगड. गेल्या उन्हाळ्यात सोरेंटोहून क्वीन्सक्लिफला जाणाऱ्या फेरीबोटीच्या कठड्याशी उभा असता, पाण्यातून एक डॉल्फिन मादी आणि तिच्या कुशीला बिलगून, तिच्याच लयीत, तिच्याच क्षणी श्वास घ्यायला वर येणारे तिचे पिल्लू मी पाहिले, आणि शेजारी उभ्या असलेल्या नातीने विचारले, "आजोबा, हे आपल्याइतके हुशार असतात का हो?"

मेंदूच्या वजनाचाच दाखला मागितला, तर त्यांचा मेंदू सुमारे दीड किलोचा, म्हणजे आपल्याहून किंचित जडच. देहाच्या मानाने पाहता मात्र पारडे आपल्याकडे झुकते. आरशातील प्रतिबिंब आपलेच आहे हे त्यांना उमगते, असे 2001 साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील प्रयोगात दिसून आले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे तर समुद्रतळ उकरताना तोंड सोलवटू नये म्हणून नाकाडावर स्पंज धरण्याची युक्ती आयांकडून मुख्यत्वे लेकींकडे जाते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या साठत जाणारी विद्या आणि तिचे लिखित दप्तर त्यांच्यापाशी नाही, हे कबूल केलेच पाहिजे.

पण बुद्धी म्हणजे केवळ युक्ती नव्हे. ओळख ठेवणे हेही बुद्धीचेच काम आहे, आणि माझ्या मते ते अधिक थोर काम. प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची स्वतःची अशी एक शीळ असते, जणू त्याचे नावच. आणि वीस वर्षांच्या ताटातुटीनंतरही जुन्या सोबत्याची शीळ त्यांना ओळखता येते, असे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. उलट, आमच्या या पन्नास लाखांच्या महानगरासमोर, पोर्ट फिलिप उपसागरात, शंभर-सव्वाशे डॉल्फिन पिढ्यान्‌पिढ्या नांदत असता, त्यांच्या कवट्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या असता, ती निराळी जात असल्याचे प्रतिपादन मोनॅश विद्यापीठाच्या केट चार्लटन-रॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले ते थेट 2011 साली. काही तज्ज्ञांची त्यावर अद्याप हरकत आहे. परंतु 'बुरुनान' हे त्या जातीला दिलेले नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतले आहे, म्हणजे कोणाला तरी ती ओळख पूर्वीपासून होतीच.

बोट त्यांच्यापासून 100 मीटर दूर ठेवावी, असा येथील कायदा आहे. मात्र त्यांच्या मृत देहांत पारा आणि कारखान्यांतील चिवट रसायने सापडली आहेत, आणि पाण्यावाटे जाणाऱ्या विषाला अंतराची अट रोखू शकत नाही.

क्रेगीबर्नच्या रस्त्यावर पडलेला पाऊस गटारांतून मेरी ओढ्याला, ओढ्यातून यारा नदीला आणि नदीतून त्याच उपसागराला जातो. माझ्या मराठी शेजाऱ्यांना एवढीच विनंती, की रंगाचा कुंचला किंवा तेलाचा डबा त्या गटाराशी धुऊ नका.