ओल्या लादीचा अर्थ

कुत्र्याचं लहान पिल्लू आईपुढे उताणं होतं. ती चाटते, तेव्हा ते मुततं. मोठेपणी धाक वाटला की काही कुत्री हीच खूण करतात. म्हणजे, मी लहान आहे, मारू नका. आमच्या गावठी कुत्रीच्या या खुणेचं घरात 'हिला वळण नाही' असं भाषांतर झालं, आणि तिला परत सोडायचं ठरू लागलं. अनुवादक म्हणून मला ते मान्य नव्हतं. रागावलं की ती अधिक घाबरायची, अधिक मुतायची. मी तिच्याच भाषेत उत्तर देऊ लागले. घरी आल्यावर नजर न भिडवता बाजूला बसायचं, तिच्यावर न वाकता हनुवटीखाली हात धरायचा, लादी निमूट पुसायची. पुढे सासूबाईही तशाच बसू लागल्या. फडकं अजून दारामागे आहे. कुत्रीही घरातच आहे.